घरासाठी स्मार्ट चार्जर निवडताना : आधी मीटर, मग ॲप

विजेवरची गाडी घ्यायची हे ठरल्यावर कोणती गाडी, यावर आमच्या घरी जितकी चर्चा झाली, त्याहून अधिक वेळ नंतर चार्जर निवडण्यात गेला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला आज वाटते. आम्ही पुण्यात एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो. पार्किंग तळघरात आहे आणि घराची वीजजोडणी महावितरणची, सिंगल फेज आहे. माझ्यासारख्याच परिस्थितीत असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही निवड कशी केली ते सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम एक गोष्ट समजून घ्यावी लागते. भिंतीवर बसवतात त्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) विजेचे डीसीमध्ये (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत) रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीच्या आतच असतो. भिंतीवरची पेटी वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोहोचवते आणि किती अँपिअरपर्यंत प्रवाह घेता येईल हे केबलमधल्या एका वेगळ्या तारेवरून गाडीला सतत कळवत राहते. त्यामुळे गाडीतला चार्जर जेवढा, तेवढाच वेग मिळतो. आमच्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची आणि आतला चार्जर ७.२ किलोवॅटचा आहे. अशा गाडीला ११ किंवा २२ किलोवॅटची थ्री फेज पेटी लावली तरी चार्जिंगचा वेग तसूभरही वाढत नाही. एका विक्रेत्याने ‘पुढच्या गाडीला उपयोगी पडेल’ म्हणून २२ किलोवॅटची पेटी सुचवली होती, पण तिच्यासाठी थ्री फेज जोडणी, जाड केबल आणि वाढीव मंजूर भार हा सगळा खर्च आजच करावा लागला असता.

मग प्रश्न येतो तो म्हणजे स्मार्ट चार्जर लागतोच का. रोजचे धावणे चाळीस किलोमीटर धरले आणि एका युनिटला साधारण सात किलोमीटर धरले, तर रोज सहा युनिटच्या आसपास वीज लागते. गाडीबरोबर मिळणारी केबल १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावली तरी एवढे चार्जिंग दोन तासांत होते. ज्यांचे धावणे याच बेताचे आहे, पार्किंग दाराशी आहे आणि घरात मोठी उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत, त्यांना चांगल्या प्रतीचे औद्योगिक सॉकेट, त्याला स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग एवढे पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची अडचण निराळी होती. घरात दोन गीझर आणि एक एसी आहे. शिवाय आठवड्याअखेरी गावाहून आल्यावर बॅटरी तळाला गेलेली असते आणि सकाळी पुन्हा निघायचे असते. अशा वेळी साध्या सॉकेटवर चौदा-पंधरा तास थांबणे शक्य नसते, आणि ७.२ किलोवॅटने भरायचे तर एकट्या गाडीलाच ३२ अँपिअर लागतात. तेवढ्यात घरी कोणी गीझर लावला की मुख्य एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारे बटण) पडणार, हे उघड होते.

या कोंडीतून वाट काढणारी सोय म्हणजे भार पाहून प्रवाह कमी-जास्त करणे, आणि स्मार्ट या विशेषणाचा खरा अर्थ माझ्या लेखी हाच आहे. मीटरनंतरच्या मुख्य तारेभोवती सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरची एक चिमटी बसवतात. संपूर्ण घर मिळून किती प्रवाह घेत आहे हे ती मोजते आणि चार्जर त्यानुसार गाडीला मिळणारी मर्यादा खाली-वर करतो. आम्ही मंजूर भार सिंगल फेजवरच राहता येईल इतपत वाढवून घेतला, एकूण मर्यादा ३२ अँपिअर आणि गाडीची कमाल मर्यादा २४ अँपिअर ठेवली. चाचणीच्या वेळी मी तळघरात चार्जरसमोर उभा होतो आणि पत्नीला फोन करून वर गीझर लावायला सांगितले. पडद्यावरचा आकडा काही क्षणांत २४ वरून १५ वर आला, नंतर एसीही सुरू केल्यावर ८ वर उतरला, आणि दोन्ही बंद करताच पुन्हा २४ वर गेला. चार्जिंग मध्ये एकदाही थांबले नाही. अनेक चार्जरच्या माहितीपत्रकात ही सोय लिहिलेली असते, पण सीटीची चिमटी सोबत मिळते की वेगळी विकत घ्यावी लागते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय काही चार्जरमध्ये ही चिमटी वाय-फायवरून बोलते. तळघरात तिचा भरवसा नाही, म्हणून मी तारेने जोडणारी चिमटी निवडली आणि मुख्य केबलसोबत एक वेगळी सिग्नलची तारही टाकून घेतली.

नेटवर्कचा मुद्दा तळघरात पार्किंग असलेल्या प्रत्येकाने गांभीर्याने घ्यावा. आमच्याकडे तिथे मोबाइलची एकही रेघ दिसत नाही. म्हणून पाहिलेल्या प्रत्येक चार्जरबद्दल मी विक्रेत्यांना दोन प्रश्न विचारत राहिलो : इंटरनेट नसताना चार्जिंग सुरू होते का, आणि वीज जाऊन परत आल्यावर ते आपोआप पुढे चालू होते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी गुळमुळीत मिळाले. आपल्याकडे रात्री दोन वाजता पाच मिनिटे वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यानंतर चार्जर ॲपमधून पुन्हा सुरू करण्याची वाट पाहत बसला, तर सकाळी गाडी अर्धवट भरलेली सापडते. एका दुकानात मी प्रात्यक्षिकाच्या वेळी मुख्य बटण बंद करून पुन्हा सुरू करायला लावले, आणि तो चार्जर तसाच थांबून राहिला. तो मी घेतला नाही. आता घेतलेला चार्जर ब्लूटूथवर आणि जवळ धरले की ओळखल्या जाणाऱ्या आरएफआयडी कार्डावर चालतो, वेळापत्रक स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि वीज आल्यावर आपणहून कामाला लागतो.

ॲप बंद पडले तर काय, याचाही विचार करावा लागला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एनेल एक्स वे या कंपनीने उत्तर अमेरिकेतला व्यवसाय गुंडाळला, तेव्हा तिथल्या घराघरांत लागलेल्या ज्यूसबॉक्स चार्जरच्या ॲपचे आणि सॉफ्टवेअरचे पुढे काय, असा प्रश्न हजारो ग्राहकांपुढे उभा राहिला. आपल्याकडे तर या व्यवसायातल्या बऱ्याच कंपन्या नव्या आहेत. म्हणून ओसीपीपी ही खुली संदेशप्रणाली समजणारा चार्जरच घ्यायचा, आणि त्यात सर्व्हरचा पत्ता ग्राहकाला बदलता येतो की नाही हे लेखी विचारायचे, असे मी ठरवले. तशी मुभा असली की मूळ कंपनीने काम थांबवले तरी चार्जर दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरला जोडता येतो. ओसीपीपीची आवृत्ती १.६ बऱ्याच ठिकाणी मिळते आणि घरगुती वापराला ती पुरेशी आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. घरात सर्रास बसवतात तो फक्त एसी गळती ओळखणारा, एसी प्रकारचा आरसीसीबी गाडीसाठी पुरेसा नाही, कारण गाडीच्या बाजूने थोडी डीसी गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो आणि खरा धक्का बसण्याच्या वेळी पडतच नाही. त्यामुळे चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय हवी आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीसीबी हवा. आयएस १७०१७ या भारतीय मानकानुसार चाचणी झाल्याचा दाखला मी मागितला. अशा चाचण्या आपल्या पुण्यातच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत होतात, त्यामुळे दाखला दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याचे नाव मी यादीतून काढले.

केबलकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. मीटर रूमपासून आमच्या जागेपर्यंत चाळीस मीटर अंतर आहे. तेवढ्या अंतरावर ६ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल ३२ अँपिअर वाहत असताना सुमारे ८ व्होल्ट खाते, आणि १० स्क्वेअर एमएमची साधारण ५. फरक छोटा दिसतो, पण ती वीज वर्षानुवर्षे केबल तापवण्यात जाणार आणि तिचे बिल आपण भरणार. मी जाड केबल घेतली. अर्थिंगसाठी इमारतीच्या जुन्या खड्ड्यावर विसंबून न राहता वायरमनकडून आधी मोजणी करून घेतली आणि आकडा समाधानकारक नसल्याने नवा खड्डा करून घेतला.

बिलाचे गणित वेळापत्रकाशी जोडलेले आहे. महिन्याला हजार किलोमीटर चालवले तर रूपांतरातली घट धरून १६० युनिटच्या आसपास लागतात. घराचा वापर २५० युनिट असेल तर एकूण आकडा चारशेच्या पुढे जातो, म्हणजे ३०० च्या वरचे युनिट पुढच्या, महाग टप्प्यात पडतात. स्वतंत्र ईव्ही जोडणीचा पर्याय आहे, पण तिचा स्थिर आकार आणि आपला वापर यांचा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडावा. आमच्या वापराला घरच्याच मीटरवरून घेणे परवडले. दुसरे असे की गाडी रात्री चार्ज करावी हा सल्ला सगळीकडे डोळे झाकून दिला जातो, पण महावितरणने १ जुलै २०२५ पासून टीओडी म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत दिली असून तिची सुरुवात युनिटमागे ८० पैशांपासून होते. घरून काम असते त्या दिवशी आणि रविवारी मी चार्जिंग दुपारी लावतो, इतर दिवशी रात्री अकरानंतर. चार्जरमध्ये वाराप्रमाणे वेगळी वेळ ठेवता येते, आणि विकत घेण्यापूर्वी ही सोय मी मुद्दाम तपासली होती.

संस्थेच्या परवानगीबाबत एवढेच सांगेन की अर्जासोबत वायरिंगचा एकरेषीय आराखडा (सिंगल लाइन डायग्राम), केबलचा मार्ग, संरक्षक उपकरणांची यादी आणि परवानाधारक कंत्राटदाराचे पत्र जोडले, तर समितीला नाही म्हणायला फारसे कारण उरत नाही. स्वतःच्या सध्याच्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, आणि त्या सूचनांची प्रतही मी जोडली होती. आता आणखी दोन सभासदांनी चार्जरसाठी अर्ज केले आहेत. प्रत्येकाने चाळीस मीटरची वेगळी केबल ओढण्यापेक्षा तळघरात एकच सामाईक पॅनेल, त्यावर प्रत्येकाचा उपमीटर आणि आपसात भार वाटून घेणारे चार्जर अशी योजना मी समितीपुढे ठेवली आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यावर निर्णय होईल.