पुस्तकसूची, तिसरा टप्पा: पीडीओ आणि तुटकी नावं

घरच्या पुस्तकांची यादी ठेवणारी माझी जुनी पीएचपी स्क्रिप्ट या आठवड्यात एकदाची पीडीओवर, म्हणजे डेटाबेसशी जोडून घ्यायच्या पीएचपीच्या सोयीवर आली. आधी ती मायएसक्यूएल या डेटाबेससाठीच्या पीएचपीच्या मूळ फंक्शनांवर चालायची. ती फंक्शनं पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ सालीच काढून टाकली. मी जुन्या आवृत्तीवर गाडं रेटत होतो.

सुरुवातीलाच २००२ क्रमांकाचा एरर: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. अरे, पण फाइल मागितली कुणी? होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' दिलं की लिनक्सवर पोर्टकडे न जाता सॉकेट फाइल (एकाच मशीनवरचे प्रोग्रॅम जोडणारी खास फाइल) शोधली जाते. माझा डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या कप्प्यात, सॉकेटही तिथेच आत. १२७.०.०.१ लिहिल्यावर ३३०६ या पोर्टवरून मुकाट जोडलं गेलं.

मग डीएसएनमध्ये (जोडणीचा तपशील सांगणारी ओळ) यूटीएफ८एमबी४ ही देवनागरीसकट सगळ्या लिप्या मावणारी अक्षरपद्धत दिली, पान उघडलं, तर सगळ्या नावांचा कचरा. आणि जुनं पान तोच डेटा व्यवस्थित दाखवतंय! दोन संध्याकाळी यात गेल्या. जुनं कनेक्शन लॅटिन१ या एका अक्षराला एकच बाइट देणाऱ्या पद्धतीचं, टेबल मात्र यूटीएफ८चं. देवनागरीतला एकेक वर्ण (काना, वेलांटी वेगळे मोजून) तीन बाइटांचा. सर्व्हरने ते तीन बाइट म्हणजे तीन अक्षरं समजून साठवले. वाचताना हाच घोळ उलटा व्हायचा, त्यामुळे बाहेरून सगळं ठीक. 'मराठी'ची लांबी विचारली तर ५ ऐवजी १५ आली, तेव्हा ट्यूब पेटली.

लांब नावं मध्येच का तुटायची तेही तेव्हाच उमगलं. कॉलम ६० अक्षरांचा, त्यात मावायचे जेमतेम २० वर्ण. जुना सर्व्हर स्ट्रिक्ट मोडमध्ये नव्हता, उरलेलं गुपचूप छाटायचा. मी इतकी वर्षं फॉर्मला शिव्या घालत होतो.

बॅकअप घेऊन कॉलम आधी लॅटिन१मध्ये, मग बायनरीत, मग यूटीएफ८एमबी४मध्ये, असा एकाच क्वेरीत फिरवला. आधी नुसतं सिलेक्ट करून बघा, थेट अपडेट मारू नका.

एक किरकोळ: लिमिटचा (किती ओळी हव्यात तो) आकडा एक्झिक्यूटच्या अ‍ॅरेतून दिला तर पीडीओ त्याला अवतरणचिन्हं लावतं आणि क्वेरी कोसळते. बाइंडव्हॅल्यूने इंटीजर म्हणून द्या.

छाटलेली ३७ नावं आता कपाटातून पुस्तकं काढून टाइप करतोय. १२ झाली.