2012 चा लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि आमची जाणारी-येणारी लाईन

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तोही आठव्या पिढीपासून पुढचा. माझ्या 2012 च्या लॅपटॉपमध्ये तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, रॅम चार जीबी, म्हणजे विंडोज 11 चा रस्ता बंद. पण कीबोर्ड शाबूत आहे, स्क्रीनवर एक डाग नाही आणि आमच्या शेतकरी गटाचा सगळा हिशेब त्याच्यातच. नागपूरला शिकणारा पुतण्या म्हणाला, "काकाजी, लॅपटॉप चांगला हाये, फेकू नका. मिंट टाकून पाहा, एक्सएफसीईवालं." मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स, आणि एक्सएफसीई ही त्याची हलकी आवृत्ती.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची मूळ फाइल) तीन जीबीच्या आसपास आणि मोबाइलचा पॅक रोज दीड जीबीचा. म्हणून टॉरेंटनं, म्हणजे फाइल तुकड्या-तुकड्यांनी आणणाऱ्या पद्धतीनं उतरवली. आजचा डेटा संपला की उरलेलं उद्या तिथूनच पुढे सुरू होतं आणि प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जात असल्यानं फाइल खराब निघायची भीती राहत नाही. खेड्यातल्या माणसानं हाच रस्ता धरावा.

मूळ हार्डडिस्कला मी हात लावला नाही. नागपूरच्या सीताबर्डीतून 240 जीबीची साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणली, मागचे स्क्रू काढून जुन्या डिस्कच्या जागी बसवली आणि जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये टाकली. फोटो, हिशेब, विंडोज सगळं तिच्यात जसंच्या तसं राहिलं. खरा वेग या एसएसडीनं दिला, हे स्पष्ट सांगतो. नुसतं लिनक्स टाकून फिरणारी हार्डडिस्क तशीच ठेवली असती, तर एवढा फरक दिसला नसता.

पेनड्राइव्हवरून मिंट आधी चालवून पाहता येतं, तसं पाहिलं. आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं चाललं, वायफाय मात्र दिसेना. काही वायफाय चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे प्रोग्राम) मिंटच्या फाइलसोबत येत नाहीत. त्यावर फोन यूएसबी केबलनं जोडायचा, टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करायचं आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यायचा. इन्स्टॉल करणं त्यामानानं सोपं होतं.

सुरू झाल्यावर काही न उघडता वापरातली मेमरी पाहिली, तर एक जीबीच्या आत होती. मेमरी खातो तो ब्राउझर. त्यासाठी झेडरॅम चालू केलं. ते रॅममधलाच पडून असलेला भाग दाबून लहान करतं, त्यामुळे पाच-सहा टॅब उघडल्या तरी मशीन अडत नाही.

आता लाईनचं, म्हणजे विजेचं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणजे लाईन गेली की लॅपटॉप तिथल्या तिथं बंद. मिंट डिस्कवर फाइली ठेवायला ईएक्सटी4 ही पद्धत वापरतं, त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही असते. पुढच्या वेळी सुरू होताना ते अर्धवट राहिलेलं सावरून घेतं. सेव्ह न केलेलं जातंच, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणलं. दुसरं म्हणजे मदरबोर्डवरचा सेलही मेलेला. विंडोजमध्ये दर वेळी तारीख कित्येक वर्षं मागे जायची आणि बँकेचीही साइट असुरक्षित म्हणून उघडायची नाही. मिंट शेवटची नोंदलेली वेळ धरून सुरू होतं आणि नेट लागलं की घड्याळ आपोआप जुळवतं. तरी आर्वीतून सीआर2032 सेल आणून बसवलाच, कारण तो नसला की बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगही पुसल्या जातात.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट मराठी टायपिंग. कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय लेआउटमध्ये मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड-मांडणी) निवडलं, वेगळं सॉफ्टवेअर लागलं नाही. ळ साठी शिफ्ट आणि एन. 'शेतकऱ्यांना' लिहिताना शिफ्ट-जे नं ऱ, डी नं हलंत, मग य, की तो ऱ्या जसा हवा तसा बसतो. गटाच्या सभेचं इतिवृत्त, ग्रामसभेतले अर्ज, वेचणीचा हिशेब आता सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे. लिब्रेऑफिसमधल्या कॅल्कच्या (एक्सेलसारखं) एका पानावर बायांची नावं, समोर रोजचे किलो आणि दर. रविवारी पैसे वाटताना बेरीज तयार असते आणि प्रत्येकीला आपली ओळ स्क्रीनवर वाचता येते. याचा मला मनापासून आनंद आहे. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली उघडायला मात्र तो फॉन्ट होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकावा लागतो, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत फायरफॉक्समधूनच निघतो. टॅलीवर काम करणाऱ्यानं मात्र विंडोज सोडू नये, ते विंडोजसाठीच बनलेलं आहे. माझ्या मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळतील.

शेजारच्या गुरुजींचा लॅपटॉप त्याहून जुना, 32-बिटचा. "भाऊ, माह्यावर पण टाकून देता का?" त्यांनी विचारलं. मुख्य मिंट आवृत्ती 20 पासून फक्त 64-बिटवर चालतं, म्हणून त्यांच्यासाठी अँटिएक्स, जुन्या मशीनवर चालणारं हलकं लिनक्स, उतरवून राहिलो.