केळद मुक्काम: पाबे घाट, उपांड्या-मढे आणि तंबूची जागा

या हिवाळ्यात आमचा नियम पक्का झालाय: मुक्काम एकच, वाटा अनेक. रोज सकाळी तंबू गुंडाळायचा आणि पुढचं गाव गाठायचं, अशा सायकल भटकंतीत रस्ता भरपूर होतो, पण जंगल नुसतं बाजूने निघून जातं. वेल्ह्यापलीकडच्या केळद गावात तळ ठोकला, सगळं ओझं तिथेच उतरवून ठेवलं, आणि मग रिकाम्या सायकलीने आणि पायी जेवढं हिंडता येईल तेवढं हिंडलो. पुण्याजवळ इतकी शांत जागा दिवाळीनंतर क्वचितच सापडते. पावसाळ्यात इथल्या लक्ष्मी धबधब्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. डिसेंबरात मात्र कड्यावर आपण आणि वारा.

जाताना सिंहगड रोडने खडकवासला, खानापूर आणि तिथून पाबे घाटाने वेल्हे. घाट सामानासकट न उतरता चढला, याचा मनापासून आनंद आहे. दोन गोष्टी कामाला आल्या. एक म्हणजे पुढची चकती २६ दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३६ ची; पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फिरतही नाही, पण गुडघे शाबूत राहतात. दुसरी म्हणजे वजनाची मांडणी. पाणी, स्टोव्ह, अवजारं असं जड सगळं फ्रेमबॅगमध्ये (सायकलच्या सांगाड्यात बसणारी पिशवी), तंबू हँडलबारवर, आणि मागच्या कॅरिअरवर फक्त स्लीपिंग बॅग आणि कपडे. जड सामान मागे लादलं की उभ्या चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि सायकल रेषा सोडते. वेल्ह्यात चहा, पाणी भरणं, समोर १४०३ मीटरचा तोरणा. तिथून पासली आणि शेवटची चढण चढून केळद.

आता तंबूच्या जागेबद्दल सविस्तर, कारण झोप लागली तर दुसऱ्या दिवशीचा ट्रेक. पहिली नजर भाताच्या खाचरांवरच जाते. सपाट, मोकळी, बांधाने आडोसा. पण कापणी झाली की खाचरात धसकटं उरतात आणि ती ग्राउंडशीट भोसकतात. शिवाय खाचरं खोलगट भागात. रात्री गार हवा उतारावरून घरंगळत तिथेच साचते. ज्यांच्या जागेत आम्ही राहतो त्या काकांनी लांबूनच हाक दिली, "अवो, खाली नका लावू, गारठाल. वर हिरड्याखाली लावा." माळावर थोडं वर गेलो आणि फरक सकाळी हाताला कळला: खालच्या गवतात दवाने बूट चिंब, आणि झाडाखालचा तंबू वरून जवळजवळ कोरडा. उघड्या आभाळाखाली कापड रात्रभर आपली उष्णता वर फेकत राहतं, म्हणून त्यावर दव धरतं. झाडाचं छत्र असलं की ते कमी होतं. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, एवढं मात्र आधी मान वर करून बघायचंच. आतला ओलावा हा आपल्याच श्वासाचा असतो, त्यामुळे थंडी वाजली तरी वरची जाळी उघडी ठेवायची आणि बाहेरचं कापड ताणून आतल्या कापडाला टेकू द्यायचं नाही.

शेकोटी नाही. यावर माझं मत ठाम आहे. डिसेंबरपासून इथलं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, एक ठिणगी उडाली तर डोंगर वणव्यात जातो. स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह पुरतो, आणि रात्रीचं जेवण तर काकूंच्या चुलीवरचंच: पिठलं, नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात.

रात्री रातवा पक्ष्याची चक-चक बराच वेळ चालू होती, पहाटे रानकोंबडा.

चालण्याचा दिवस उपांड्या आणि मढे या जोडघाटांचा. गावातूनच उपांड्याची वाट कर्णवडीकडे उतरते, आणि मढे घाटाने परत वर यायचं. उतरताना घसाऱ्यावर काठी हवी. वर येताना कारवीच्या दाटीत सावली मिळते, पण वारा अडतो आणि घाम निघतो. नरवीर तानाजी मालुसरे १६७० साली सिंहगडावर पडले, तेव्हा त्यांचा देह याच मढे घाटाने कोकणातल्या उमरठला नेला, असं सांगतात. ती चढण पायाखालून गेल्यावर खांद्यावर पालखी घेऊन ती उतरणाऱ्यांचा विचार मनातून जात नाही.

सायकलीसाठी गाव ते घाटमाथा ही बैलगाडीची वाट मस्त आहे. टायरमधली हवा थोडी कमी केली की दगडांवर पकड येते. कड्याच्या अलीकडे बऱ्याच अंतरावर उतरायचं, कारण वाळक्या गवतावर ब्रेक लागत नाहीत.

पुढच्या खेपेला मोहरीला तळ, तिथून रायलिंग पठारावरून समोरचा लिंगाणा किल्ला बघायचा. परतीचा रस्ता नसरापूरवरून आणि जुन्या कात्रज घाटातून. स्वतःचा तंबू आणि कमी दातांची चकती असलेले दोघे-तिघे हवे आहेत, कचरा पुण्याला परत आणायची तयारी असलेले.