बायपासमध्ये शेत जाताना : हरकत, मोजणी, मोबदला

बेळगावच्या दक्षिणेकडचं शिवार भाताचं. तिथं रस्त्याची आखणी आली की दोनच सूर निघतात : जमीन देणार नाही, आणि रस्ता सगळ्यांसाठी आहे. दोन्ही खरं. पण या दोहोंच्या मधलं काही मागायला कायद्यानं 21 दिवस दिलेत, आणि माझ्या अनुभवात बरंचसं तिथंच ठरलं.

राष्ट्रीय महामार्गाला 1956 चा कायदा लागतो. कलम 3-ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी अधिसूचना राजपत्रात आली की त्या तारखेपासून 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची. घरी नोटीस येईल म्हणून थांबू नये. अधिसूचनेचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात. कन्नड वाचता येत नसलं तरी सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र उताऱ्याशी ताडून बघावं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असलं तर 1 गुंठा म्हणजे 101.17.

नुसतं 'जमीन सुपीक आहे, घेऊ नका' असं लिहून भागत नाही. भरावाचा रस्ता शिवारात आडवा आला की वरचं पाणी अडतं, आणि बळ्ळारी नाल्याकाठच्या भातात पावसाळ्यात आधीच पाणी चढतं. म्हणून मी हाती काढलेल्या नकाशावर पाट कुठून येतो, उतार कुणीकडे, पाणी कुठल्या बांधापर्यंत येतं ते दाखवलं आणि रस्त्याखालून पाणी जायला मोरी नेमकी कुठं हवी ते लिहिलं. अशी मागणी एकट्याच्या शेताची राहत नाही. पाणी तुंबलं तर रस्त्याचा भरावही खचतो. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचाच.

संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, आंबा-फणस पंचनाम्यात आले नाहीत तर मोबदल्यातही येत नाहीत. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर फीत लावून मोजावा आणि आकडा समोरच लिहवून घ्यावा. राहिलेला तुकडा रस्त्यापलीकडे पडत असेल तर ते नुकसानही मोबदल्याच्या कलम 3-जी खाली मागता येतं. बरेच जण विसरतात.

1 जानेवारी 2015 पासून महामार्गालाही 2013 च्या भूसंपादन कायद्याचा मोबदला आहे. समजा 8 गुंठे गेले आणि दर गुंठ्याला 1 लाख धरला, तर 8 लाख. ग्रामीण गुणक, म्हणजे या रकमेला गुणायचा आकडा, 1 ते 2; 1.5 धरला तर 12 लाख. झाडं-विहीर 1 लाख, एकूण 13. त्यावर तेवढंच दिलासा धन, म्हणजे 26 लाख. शिवाय मूळ 8 लाखांवर वर्षाला 12 टक्के. दर ठरतो तो आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीपत्रांवर : चढ्या रकमेच्या निम्म्यांची सरासरी किंवा सरकारी दर, जो जास्त तो. स्टँप ड्यूटी वाचवायला गावात कमी रकमेची पत्रं झाली असली तर त्याची झळ सगळ्या शिवाराला बसते, हे मला फार लागलं. सब-रजिस्ट्रारकडून नकला आधीच काढून ठेवाव्यात.

पैसे अडकतात ते घरातच. उताऱ्याच्या 9 व्या रकान्यात अजून आजोबांचं नाव, बहिणींची नोंद नाही, आणि वाटणीवर वाद निघाला की रकमेचा निर्णय दिवाणी न्यायालयात जातो. वारसा आखणीच्या आधीच लावून घ्यावा. रक्कम कमी वाटली तर केंद्रानं नेमलेल्या लवादाकडे जाता येतं. पैसे उचलताना सहीशेजारी 'हरकत राखून' एवढं लिहायला विसरू नये.