अरेथा पियानोवर बसली तेव्हा

गंगाखेडपासून थोड्या अंतरावर, गोदाकाठी, आमचे गाव आहे आणि तेथे माझे चुलते, ज्यांना सगळे गाव अप्पा म्हणते, गेली पन्नासहून अधिक वर्षे सप्ताहात आणि एकादशीच्या भजनात पेटी वाजवत आले आहेत. २०१८ च्या श्रावणात मी नागपंचमीसाठी गावी गेलो होतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टच्या रात्री, अरेथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये वारल्याची बातमी मोबाइलवर दिसली. अप्पा हरिपाठ आटोपून ओट्यावर टेकले होते. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी कोण गेले, असे विचारले. अमेरिकेतील एक गाणारी बाई, एवढ्याने काही उलगडले नसते, म्हणून मी तिचे १९६७ चे ‘डॉक्टर फीलगुड’ लावून मोबाइल त्यांच्या हाती दिला. (त्या गाण्याचे शब्द अप्पांना कळण्यासारखे नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले.) अर्धेअधिक गाणे त्यांनी मान खाली घालून ऐकले आणि मग एकच गोष्ट विचारली.

“पेटी कोण वाजवायलंय?”

“तीच.”

“मग बरोबरय,” असे म्हणून त्यांनी उरलेले गाणे ऐकले. त्यानंतर मी तिचे काही वर्षे आधीचे, व्हायोलिनांच्या गराड्यातले एक गाणे लावले, तेव्हा मात्र अप्पा सुपारी कातरू लागले.

मी गेली तीसेक वर्षे अरेथाचे गाणे ऐकत आलो आहे आणि तिच्या गळ्याविषयी जे जे वाचायला मिळाले ते वाचत आलो आहे, तरीही जे अप्पांनी पाच मिनिटांत विचारले ते मी स्वतःला कधी विचारले नव्हते. तिचा गळा ही देवाची देणगी, असे म्हणून मी मोकळा होत असे. देणगी या शब्दाची सोय अशी आहे की तो वापरला की पुढे विचार करावा लागत नाही. प्रत्यक्षात तिच्या आयुष्यातील तारखा नुसत्या एकापुढे एक मांडल्या तरी या शब्दाची पंचाईत होते.

१९६० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कोलंबिया या बड्या कंपनीने तिला करारबद्ध केले. तिला हेरणारे जॉन हॅमंड हे काही सामान्य कानाचे गृहस्थ नव्हते; बिली हॉलिडे या थोर जाझगायिकेला पहिल्यांदा ध्वनिमुद्रणासाठी आणणारे तेच होते. गळा तेव्हाही हाच होता. तरीही पुढची सुमारे सहा वर्षे ती जाझ, नाटकांतली गाणी, तंतुवाद्यांच्या गादीवर बसवलेली संथ प्रेमगीते असे काहीबाही गात राहिली, कंपनीला तिचे नेमके काय करावे ते उमगले नाही आणि श्रोत्यांनी तिला बेताचीच दाद दिली. त्या काळातील ध्वनिमुद्रिका मी आवर्जून ऐकल्या आहेत. त्या वाईट नाहीत. सुरात आहेत, नेटक्या आहेत, आणि एखाद्या हुशार सुनेने सासरच्या पद्धतीने स्वयंपाक करावा तशा आहेत.

त्यानंतर ती अटलांटिक कंपनीकडे गेली. २४ जानेवारी १९६७ रोजी जेरी वेक्सलर या निर्मात्याने तिला अलाबामा राज्यातील मसल शोल्स या लहानशा गावी, फेम स्टुडिओत नेले. वादक बहुतेक गोरे, स्थानिक, तिला न ओळखणारे होते. पियानोसाठी स्पूनर ओल्डहॅम या तरुणाला बोलावले होते; पण अरेथा स्वतः पियानोवर बसली, तेव्हा तो निमूटपणे इलेक्ट्रिक पियानोकडे सरकला आणि ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ या गाण्याची सुरुवात ज्या सुरावटीने होते ती त्याला तेथेच सापडली. त्या दिवशी एवढे एकच गाणे पूर्ण झाले. पुढे भांडण पेटले, दुसरे गाणे अर्धे राहिले आणि मंडळी पांगली. उरलेले काम न्यूयॉर्कला, त्याच वादकांना तेथे बोलावून झाले. तरीही त्या एका दिवसापासून अमेरिकेला दुसरीच गायिका ऐकू येऊ लागली. आपण तिला तिच्या चर्चमध्ये परत नेले, पियानोवर बसवले आणि तिला तिच्यासारखे होऊ दिले, अशा आशयाचे वेक्सलर पुढे सांगत असत. एवढ्या मोठ्या निर्मात्याने आपल्या कामगिरीचे वर्णन ‘बसू दिले’ एवढ्यावर आणून ठेवावे, याचे मला आजही कौतुक वाटते.

पियानोवर कोण बसते याने एवढा फरक का पडावा, हे भजनाच्या फडात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गाणारा वेगळा आणि पेटीवाला वेगळा असला की गाणाऱ्याने कोठे थांबायचे, कोठली जागा रेंगाळत घ्यायची आणि चरणाचे टोक किती लांबवायचे, याचा करार आधी करावा लागतो किंवा गाता गाता डोळ्यांनी करावा लागतो. स्वतःच्या हातात पेटी असणाऱ्याला करार लागत नाही. अरेथाचा डावा हात ताल धरून असतो, उजवा हात तिच्या आवाजाच्या एक पाऊल पुढे जाऊन वाट दाखवतो, आणि आवाज मनात येईल तर त्या वाटेने जातो, नाही तर नाही. कोलंबियाच्या काळातही ती अधूनमधून पियानो वाजवत असे, पण गाणे तिच्या हातातून उभे राहत नव्हते. दुसऱ्याने आखून दिलेल्या मांडणीत तिने आवाज भरायचा होता.

हा हात तिला कोठून आला, तेही पाहण्यासारखे आहे. तिचा जन्म २५ मार्च १९४२ चा, मेम्फिसचा. पण ती वाढली डेट्रॉइटमध्ये, जेथे तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघत आणि खपत. प्रवचन रंगात आले की ते बोलता बोलता गाण्यात शिरत आणि समोरची मंडळी प्रत्येक वाक्याला हुंकार देत, उलट गात. आपल्याकडे कीर्तनकाराने अभंगाचा चरण टाकावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो उचलून धरावा, त्याचीच ही दूरची भावकी म्हणावी लागेल. घरी महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड, जेम्स क्लीव्हलँड अशा गॉस्पेलमधील, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगायनातील, मोठ्या मंडळींची ऊठबस होती. म्हणजे गायनाचार्य पाहुणे म्हणून येत आणि मुलगी जिन्यात बसून ऐकत राही, असेच चित्र माझ्या मनात उभे राहते. वडिलांनी पियानोची शिकवणी लावली तेव्हा शिकवणाऱ्या बाई घरी आल्या की अरेथा लपून बसत असे. तिला प्राथमिक धडे नको होते, कानावर पडलेले वाजवायचे होते. चौदाव्या वर्षी, १९५६ मध्ये, वडिलांच्या चर्चमध्येच तिची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. ती ऐकताना कधी कधी भीती वाटते, कारण आवाजात वय सापडत नाही.

येथे बरेच लिहिणारे तिच्या दुःखाकडे वळतात. ती सहा वर्षांची असताना आईवडील विभक्त झाले, दहावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास आई वारली, अगदी कोवळ्या वयात तिच्यावर मातृत्व आले. हे सगळे खरे आहे. परंतु दुःखातून गाणे येते, हा सिद्धांत मला कधीच पटलेला नाही. तसे असते तर १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्याच्या प्रत्येक वस्तीवर एकेक अरेथा निपजायला हवी होती.

घर आणि संस्कार हे स्पष्टीकरणही मला पूर्ण पटले असते, पण तेथे तिच्या बहिणी आड येतात. एर्मा थोरली, कॅरोलिन धाकटी. तेच वडील, तेच चर्च, तेच पाहुणे, तोच पियानो. दोघी उत्तम गात. ‘पीस ऑफ माय हार्ट’ हे पुढे जॅनिस जॉप्लिन या रॉक गायिकेमुळे जगभर गेलेले गाणे सर्वप्रथम एर्माने १९६७ मध्ये गायले, आणि अरेथाचे ‘एन्ट नो वे’ हे गाणे कॅरोलिनने रचलेले आहे. म्हणजे त्या घरात प्रतिभेचा दुष्काळ नव्हता. तरीही तिघींना सलग ऐकले की दोघी गाणे म्हणतात आणि तिसरी ते गाणे पाडून पुन्हा बांधते, असे लक्षात येते. घराने बरेच काही दिले. उरलेले कोठून आले ते त्या घरालाही सांगता आले नसते.

पाडून पुन्हा बांधणे म्हणजे काय, याचे सर्वांत परिचित उदाहरण ‘रिस्पेक्ट’ हे आहे. ओटिस रेडिंग या गायकाने १९६५ मध्ये केलेल्या त्या गाण्यात कमावून घरी परतलेला पुरुष बायकोकडे मान मागतो. अरेथाने १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते गायले तेव्हा मागणारी बाई झाली, त्या इंग्रजी शब्दाची एकेक अक्षरे सुटी करून तिने त्यांचाच ठेका केला, आणि मागे बहिणींना उभे करून त्यांच्याकडून झील भरून घेतली. शब्द थोडेच बदलले. चाल म्हणावी तर तीही पुष्कळशी तीच आहे. परंतु त्यानंतर ओटिसचे मूळ गाणेच कोणी तरी तिची नक्कल केल्यासारखे वाटू लागले. ते गाणे त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि काळ्या माणसांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत व स्त्रियांच्या चळवळीत घोषणेसारखे म्हटले जाऊ लागले. ‘मान’ या दोन अक्षरांसाठी मराठवाड्यात किती वर्षे रस्त्यावर काढावी लागली, हे ज्यांनी नामांतराच्या दिवसांत पाहिले आहे त्यांना त्या गाण्यातील निकड शब्दकोशाशिवाय कळेल.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचे तर मी शहरात राहून पेटीच्या परीक्षा रीतसर दिल्या आणि मला गुणही बरे पडले. अलंकार मी आजही अप्पांपेक्षा स्वच्छ वाजवतो. पण सप्ताहात महाराजांनी काळी दोन सोडून अचानक काळी चार धरली की माझी बोटे पट्टी शोधत राहतात, आणि अप्पा तोवर दुसऱ्या चरणावर गेलेले असतात. ही प्रतिभा आहे की हजार रात्रींची सवय, असा प्रश्न मी एकदा मत्सरापोटी त्यांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही. त्यांना प्रश्नच समजला नसावा.

त्या प्रश्नाशी सर्वांत जवळ मी १९९८ च्या ग्रॅमी या संगीत-पुरस्कारांच्या समारंभाचे चित्रण पाहताना गेलो. ऑपेराचे विख्यात गायक लुचिआनो पाव्हारोत्ती ‘नेस्सुन दोर्मा’ हे ऑपेरातले गाणे गाणार होते. घसा बिघडल्याने त्यांनी आयत्या वेळी नकार कळवला. अरेथाने दोन दिवसांपूर्वी एका कार्यक्रमात ते गाइले होते, म्हणून तिला विचारण्यात आले. वाद्यवृंद पाव्हारोत्तींच्या पट्टीत बांधलेला होता आणि सुमारे अर्ध्या तासात तो बदलणे शक्य नव्हते, तेव्हा तिने तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि त्यांच्याच पट्टीत ती उभी राहिली. ऑपेराच्या जाणकारांना त्यात दोष दिसतात, असतीलही. मला त्यात चर्चमधील ती चौदा वर्षांची मुलगी दिसते, जिला दुसऱ्याने धरलेल्या पट्टीत आयत्या वेळी शिरायची सवय आहे आणि जी एकदा आत शिरली की घर आपलेच असल्यासारखी वागते.

अप्पांना मी नंतर आणखी एक चित्रण दाखवले, २०१५ च्या डिसेंबरमधले, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमधले. त्र्याहत्तर वर्षांची अरेथा अंगभर फरचा भारी कोट घालून येते, हातातली पर्स पियानोवर ठेवते आणि वाजवू लागते. समोर राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळे पुसतात. पुढे ती उठते, कोट खांद्यावरून खाली टाकते आणि सगळे सभागृह उभे राहते. अप्पांनी मात्र पर्सविषयी विचारले. बाई आपले पैसे कार्यक्रमाआधी रोख मोजून घेत आणि ती पर्स गाताना नजरेआड होऊ देत नसत, असे मी सांगितल्यावर ते पहिल्यांदा मनापासून हसले आणि उठून त्यांनी आपल्या पेटीचे झाकण उघडले. आत, भात्याच्या कडेला, त्या वर्षीच्या सप्ताहाची बिदागी रुमालात बांधून ठेवलेली होती.