सारण आधी, अंडी नंतर

भरलेले ऑम्लेट बिघडते ते बहुतेक वेळा अंड्यांमुळे नव्हे, तर सारणामुळे. घडी घालताना ऑम्लेट फाटते, ताटलीत काढल्यावर त्याच्याखाली पाणी साचते, किंवा बाहेरून अंडे करपले तरी आतला कांदा कच्चाच राहतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: अंडी तव्यावर पडली तेव्हा सारणाचे काम संपलेले नव्हते. दोन अंड्यांचे ऑम्लेट तापलेल्या पॅनमध्ये दीड-दोन मिनिटांत तयार होते. बारीक चिरलेला कांदा नीट मऊ व्हायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. हे दोन वेळ एकाच पॅनमध्ये एकाच वेळी जुळत नाहीत, आणि म्हणून मी सारण पूर्ण शिजवून, चव घेऊन, बाजूला काढून ठेवल्याशिवाय अंडी फोडत नाही.

सारणातला खरा अडथळा पाण्याचा असतो. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, पालकातही तितकेच, आणि टोमॅटोमध्ये त्याहूनही थोडे जास्त. हे पाणी आधी बाहेर काढले नाही, तर ते घडीच्या आत सुटते, नुकत्याच थिजलेल्या अंड्यात मुरते आणि ऑम्लेट लिबलिबीत होते. मशरूम परतताना हे पाणी जाताना स्पष्ट दिसते आणि ऐकूही येते. काप पॅनमध्ये टाकल्यावर पहिले एक-दोन मिनिटे काहीच घडत नाही. मग ते घाम फुटल्यासारखे ओले होतात, आकसू लागतात आणि पॅनच्या तळाशी राखाडी पाणी जमून उकळू लागते. या टप्प्यावर अनेक जण गॅस बंद करतात, कारण मशरूम मऊ झालेले असतात. मात्र तेव्हा थांबायचे नाही. आच थोडी वाढवून परतत राहिले की पाणी आटते, उकळण्याचा ओला आवाज जाऊन तडतडीचा कोरडा आवाज येऊ लागतो, कापांच्या कडा तपकिरी होतात आणि भाजल्याचा खमंग वास सुटतो. मशरूम आता निम्म्याहूनही कमी उरलेले असतात, पण त्यांची चव एकवटलेली असते. मशरूमला मीठ याच वेळी घालावे, म्हणजे उरलेल्या ऐवजाकडे पाहून त्याचा अंदाज घेता येतो.

बाकीच्या भाज्यांचे गणित याच तत्त्वाचे आहे. पालक गरम पॅनमध्ये कोमेजू द्यावा, गार झाला की मुठीत घट्ट पिळावा आणि मगच चिरावा. टोमॅटोचा बियांचा गर काढून फक्त बाहेरचा मांसल भाग घ्यावा. ढोबळी मिरची आणि कांदा एकत्र परतले तरी चालतात. बटाटा घालायचा असेल तर तो आधी उकडून, लहान फोडी करून, तेलावर खरपूस करून घ्यावा. जपानमध्ये लोकप्रिय असलेल्या ओमुराइसमध्ये तर केचपमध्ये परतलेला भात पातळ ऑम्लेटमध्ये गुंडाळतात, आणि तो पदार्थ जमून येण्यामागे मला हेच कारण दिसते, की परतलेला भात कोरडा असतो आणि अंड्यावर पाणी सोडत नाही.

चीजचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तेवढी एकच वस्तू घडीच्या आत गेल्यावर बदलणे अपेक्षित असते. मोझरेला साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, चेडारला त्याहून दहा-एक अंश जास्त लागतात, आणि ऑम्लेटच्या आतली ऊब एवढे काम सहज करते, मात्र चीज किसलेले हवे. जाड तुकडा घातला तर अंडे शिजून कोरडे होईपर्यंत तो मधोमध घट्टच राहतो. पनीर मुळीच वितळत नाही, कारण ते दूध आम्लाने फाडून केलेले असते. म्हणून ते कुस्करून, मसाल्यासह परतून, भाजीसारखेच सारणात घ्यावे.

सारण किती घ्यावे, याबाबत मी काटेकोर आहे. दोन किंवा तीन अंड्यांना तीन, फार तर चार मोठे चमचे सारण पुरे होते. त्यापेक्षा जास्त भरण्याचा मोह होतोच, विशेषतः सारण चविष्ट झालेले असेल तर, पण मग घडी मिटत नाही. उरलेले सारण ऑम्लेटच्या शेजारी वाढले तर कोणाचीच तक्रार नसते. ऑम्लेटमध्ये जाताना ते कोमट किंवा गरम असावे. फ्रीजमधून काढलेले थंडगार सारण तसेच घातले, तर ते गरम होईपर्यंत अंडे चामट होते.

आता अंडी. ती फेटताना फेस काढायचा नसतो. पांढरे आणि बलक यांच्या वेगळ्या रेषा दिसेनाशा झाल्या की थांबावे. मीठ मी अंडी शिजवण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी घालते. मीठ मिसळल्यावर मिश्रणाचा रंग थोडा गडद होतो आणि ते पातळ दिसू लागते. मिठामुळे प्रथिने एकमेकांना फार आवळून धरत नाहीत आणि शिजलेले अंडे मऊ राहते. सारणात चीज असेल तर मिठाचा हात आखडता ठेवावा. दूध घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते, परंतु भरलेल्या ऑम्लेटसाठी ती मला पटत नाही. दुधाने अंडे नाजूक होते हे खरे, पण इथे त्याला सारणाचा भार पेलायचा असतो, आणि नाजूक अंडे घडीवर चिरते.

पॅन २० सेंटिमीटर व्यासाचा, न चिकटणारा आणि उतरत्या कडांचा असावा. मोठ्या पॅनमध्ये दोन अंडी पापडासारखी पातळ पसरतात. आच मध्यम ठेवून एक लहान चमचा लोणी घालावे. ते वितळून बुडबुडे येऊ लागतात, कारण लोण्यातले पाणी वाफ होऊन जात असते; बुडबुडे ओसरू लागले की समजावे, आता पॅन पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर गेला आहे. याच क्षणी अंडी ओतावीत, अजून थांबलात तर लोणी तपकिरी व्हायला लागते.

अंडे शिजण्याचा काळ कमी आणि लक्ष देण्याचा आहे. बलक ६५ अंशांच्या सुमारास दाटू लागतो आणि ७० च्या जवळ थिजतो. त्याच्या फार पुढे गेले की प्रथिने आवळत जाऊन आतले पाणी बाहेर फेकतात. कडा थिजताच उलथन्याने त्या हलकेच मध्याकडे ढकलाव्यात आणि पॅन तिरका करून वरचे पातळ अंडे मोकळ्या झालेल्या जागेत जाऊ द्यावे. असे चार-पाच वेळा केले की तळाशी एकसंध थर तयार होतो आणि वर ओलसर, साईसारखा चकाकणारा पृष्ठभाग उरतो. सारण घालायची वेळ हीच. फ्रेंच पद्धतीत ऑम्लेटवर तपकिरी डाग येऊ देत नाहीत आणि आतला भाग ओलसर ठेवतात. मला तळाला किंचित सोनेरी रंग आलेला आवडतो, आणि सारण भाजलेल्या मशरूमचे असेल तर तो शोभतोही. लहान मुले, वृद्ध किंवा गरोदर स्त्रिया खाणार असतील तर मात्र ओलसरपणा ठेवू नये. आच मंद करून, मिनिटभर झाकण ठेवून अंडे ७१ अंशांपर्यंत, म्हणजे कुठेही पातळ न राहीपर्यंत, शिजवावे आणि मगच सारण पसरावे.

घडी उलथन्याने घालण्यापेक्षा ताटलीवर घालणे मला सुरक्षित वाटते. सारण पॅनच्या मुठीपासून दूरच्या अर्ध्या भागावर, कडेला बोटभर जागा सोडून पसरावे. पॅन हलवून ऑम्लेट मोकळे सरकते आहे याची खात्री करावी. मग पॅन ताटलीवर तिरका धरून सारणाचा अर्धा भाग ताटलीत उतरू द्यावा आणि त्याच ओघात पॅन उचलून पुढे नेत पालथा करावा, म्हणजे उरलेला अर्धा भाग आपोआप सारणावर मिटतो. यात ऑम्लेटवर कुठेही जोर पडत नाही, त्यामुळे तळ फाटण्याचा प्रश्नच येत नाही. चीज घातले असेल तर कापण्यापूर्वी मिनिटभर थांबावे. आतल्या उष्णतेने ते तेवढ्यात पूर्ण वितळते.

चार जणांसाठी करायचे झाले तरी आठ अंड्यांचे एकच मोठे ऑम्लेट करू नये. त्याचा तळ कडक होईपर्यंत वरचा भाग पातळच राहतो आणि ते उचलताही येत नाही. सारण एकदाच सगळ्यांपुरते करून ठेवले असेल, तर पुढची ऑम्लेटे एकापाठोपाठ एक, प्रत्येकी दोन मिनिटांत होतात, आणि ज्याचे ऑम्लेट झाले त्याने इतरांची वाट न पाहता खायला बसावे.