तुम्ही विचारलंत म्हणून: आजीच्या हातचं सूप

पावसाळा लागला, घरात कोणी शिंकलं, की डोंबिवलीच्या मैत्रिणींचे फोन येतात. "तुम्ही ज्यू ना? मग ते चिकन सूप सांग की, आजीकडून शिकली असशील."

आजीनं ते सूप जन्मात केलं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागच्या इस्राएल आळीतले. आजीची कोंबडी नारळाच्या दुधात शिजायची. आमच्यात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, नारळाचं दूध चालतं, आणि कोकणात नारळाला काय तोटा! तुम्ही म्हणता ते सूप पोलंड, रुमानिया, लिथुआनियाकडच्या अश्केनाझी ज्यूंचं. त्यांच्या यिद्दिश भाषेत 'गोल्डेने योइख', सोनेरी रस्सा. मी ते शिकले इथे इस्राएलमध्ये, बेर शेवा शहरात, समोरच्या दारातल्या रुमानियन आजीबाईंकडून. त्यांचं हिब्रू मोडकं, माझं त्याहून.

पहिल्यांदा मी कुकर लावला. चार शिट्ट्या. झाकण उघडलं तर तांदळाच्या धुवणासारखं पाणी. आजीबाईंनी डाव बुडवला, वर धरला, परत ओतला आणि काही न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या शुक्रवारी सकाळी स्वतःचंच पातेलं घेऊन आल्या.

तर ऐका. कोंबडी निबर हवी, अंडी देऊन थकलेली. ब्रॉयलरच्या रश्श्याला चव नसते. दीड-दोन किलोची कोंबडी, तीन लिटर गार पाणी. पाणी गारच घ्यायचं. मंद आचेवर ठेवलं की करडा फेस वर येतो, तो डावानं काढत राहायचा. हात आखडला तर सूप गेलं. मग गाजरं, सेलरी, पार्सलीचं मूळ आणि एक कांदा, सालासकट. रंग त्या सालाचा. हळद टाकू नका, मी टाकून शिव्या खाल्ल्यात. मीठ बेतानं, कारण कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारी, कोंबडी आधीच तासभर मिठात ठेवून धुतलेली असते. पुढे तीन तास पातेल्यात मधूनच एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच. खदखदलं की चरबी रश्श्यात फुटते आणि सगळं गढूळ होतं. शेवटी शेपूची जुडी. हो, शेपूच! नाकं मुरडू नका.

जुन्या कोंबडीच्या पोटात कवच न धरलेल्या पिवळ्या अंड्यांची माळ सापडायची, ती आजीबाईंच्या लहानपणी सुपात सोडत आणि पोरं त्यावरून भांडत. हे त्यांनी बोटांनी गोल करकरून सांगितलं. मला लगेच कळलं. आमच्या परसातल्या कोंबडीतही तीच माळ निघायची आणि आम्हीही भांडायचो.

सुपात 'क्नेडलाख' सोडतात, मात्झाच्या, म्हणजे बिनखमिराच्या कडक रोटीच्या, पिठाचे गोळे. चार अंडी, एक कप पीठ, पाव कप कोंबडीची वितळवलेली चरबी किंवा तेल, पाव कप पाणी, मीठ. लोणी नाही, कारण वर सांगितलं. तासभर फ्रीजमध्ये, मग ओल्या हातानं लिंबाहून लहान गोळे, खारट उकळत्या पाण्यात झाकून अर्धा तास. मध्ये झाकण उघडायचं नाही. हलके तरंगणारे चांगले की घट्ट बुडणारे, यावर घराघरांत दोन तट. आजीबाई तरंगणाऱ्यांच्या, त्यांचे यजमान बुडणाऱ्यांचे.

सर्दीचं म्हणाल, तर बाराव्या शतकातले वैद्य आणि धर्मपंडित मैमोनिदीस यांनीही कोंबडीचा रस्सा औषध म्हणून सांगितलाय. २००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा सुपामुळे एका जातीच्या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावलेली दिसली. पण ती प्रयोगशाळेत, माणसात नव्हे. नाक मोकळं होतं एवढं मी सांगते.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं शिजून पलाट्यावर, म्हणजे शब्बाथभर (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसाव्याचा दिवस, तेव्हा स्वयंपाक करत नाहीत) चालू राहणाऱ्या गरम पत्र्यावर, गेलेलं असतं. आई अजून जेवताना बशीत दोन हिरव्या मिरच्या घेऊन बसते. आजीबाई जेवायला असल्या की बशी मांडीवर.